एक 'पर्यंत', दोन शब्द : 'बाय' आणि 'टिल'

मागच्या आठवड्यात 'सिन्स' आणि 'फॉर' यांचा हिशेब झाला. ती जोडी क्रिया कधी सुरू झाली, किती काळ चालली, हे सांगते. आजची जोडी काळाच्या दुसऱ्या टोकाची : 'बाय' आणि 'टिल'. मराठीत दोघांचं काम एकटा 'पर्यंत' करतो, म्हणून आपली गफलत होते.

'अर्ज शुक्रवारपर्यंत भरा' आणि 'दुकान शुक्रवारपर्यंत बंद आहे' ही वाक्यं पाहा. अर्ज एकदाच भरायचा. सोमवारी भरा, बुधवारी भरा, शुक्रवार टळू देऊ नका म्हणजे झालं. दुकान मात्र मधले सगळे दिवस बंदच राहणार. मराठीत हा फरक क्रियापदावरून उमगतो. इंग्रजीत त्यासाठी शब्दच बदलावा लागतो. मुदत सांगायची असेल तर 'बाय' : सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे. सलग चालणारी क्रिया किंवा स्थिती असेल तर 'टिल' : द शॉप इज क्लोज्ड टिल फ्रायडे.

आता शुक्रवार धरायचा की सोडायचा? 'बाय फ्रायडे'त तो सहसा धरतात. 'टिल फ्रायडे'त मात्र दुकान शुक्रवारी उघडेल की शनिवारी, याची खात्री नसते. अमेरिकेत म्हणूनच 'थ्रू फ्रायडे' म्हणतात. त्यात शुक्रवार नक्की येतो.

नकार आला की खरी गंमत. 'आय वोन्ट फिनिश बाय फाइव' म्हणजे पाचपर्यंत काम होणार नाही; कधी होईल ते सांगितलेलं नाही. 'आय वोन्ट फिनिश टिल फाइव' म्हणजे पाच वाजल्याशिवाय होणार नाही. पाचला होईल, असं त्यात सुचवलेलं आहे. नकारी वाक्यातल्या 'टिल'साठी आपला शब्द 'पर्यंत' नव्हे, 'शिवाय'.

'टिल'च्या मागे अख्खं वाक्यही येतं. तिथे मराठी वळण आडवं येतं. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' यातला 'नाही' आपण इंग्रजीत नेतो आणि 'वेट टिल ही डझन्ट कम' म्हणतो. बरोबर वाक्य : वेट टिल ही कम्स. 'नाही' नको, 'विल'ही नको. 'बाय'च्या मागे असं वाक्य थेट जोडता येत नाही. 'बाय द टाइम ही कम्स' म्हणावं लागतं.

अंतरासाठी 'टिल' वापरणं आपल्याकडे सर्रास चालतं : 'आय वॉक्ड टिल द स्टेशन'. प्रमाण इंग्रजीत तिथे 'ॲज फार ॲज द स्टेशन' म्हणतात. 'टिल'चा प्रांत काळाचा.

'टिल' हे 'अंटिल'चं लघुरूप आहे, हा समजही सोडून द्या. दोघांत 'टिल'च जुना. 'अंटिल' नंतर घडला. त्यामुळे 'टिल'च्या आधी लोपचिन्ह देण्याचं कारण नाही. अर्थ दोघांचा एकच. औपचारिक लेखनात 'अंटिल' अधिक दिसतो, इतकंच.

जाता जाता एक गृहपाठ. 'शी विल बी इन द ऑफिस ... टेन.' रिकाम्या जागी दोन्ही शब्द चालतात. एकाने ती दहाच्या आत पोचलेली असेल, दुसऱ्याने दहाला निघेल. कुठल्या शब्दाने काय होतं, ते ठरवा. पुढच्या आठवड्यात 'से' आणि 'टेल'.