काउंटरच्या अलीकडे

९:३०
सोलापुरातल्या माझ्या सेवा केंद्राचं शटर वर जातं, तेव्हा पायरीवर चारपाच जण ताटकळत असतातच. आधी डाउनलोडचं फोल्डर बघतो. आदल्या दिवशीचं कुणाचं आधार, पासबुक राहिलं असेल तर डिलीट. काम झाल्यावर ते माझ्याकडे असायचं कारण नाही.

१०:००
उत्पन्नाचे दाखले. ओटीपी आला की पोरं मोबाइलच हातात देतात. मी परत देतो. मेसेज कशाचा आहे ते वाच, मग आकडे सांग. रांग कुरकुरते, कुरकुरू दे.

११:१५
बिडी वळणाऱ्या मावशी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या. पीएफची पेन्शन, तीही जेमतेम हजार रुपये. उजवा अंगठा लागेना, डावाही लागेना. बोटं पुसली, पुन्हा ठेवली. तेंदूच्या पानाची टोकं दुमडून दुमडून रेषाच गुळगुळीत झाल्या आहेत.

"माझंच बोट मला वळखंना व्हय रं?"

मशीनला वळखंना, मावशी. तुम्ही त्याच आहात.

त्यांना दारातल्या उजेडात बसवलं, मोबाइलवर चेहरा दाखवून पापण्या मिटायला लावल्या. तिसऱ्यांदा जमलं, दाखल्याचा प्रमाण आयडी आला. ओळख पटवायला दुसरा मार्ग असला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या आधार निकालात सांगितलं आहे. पण तो मार्ग ठाऊक असलेला माणूस काउंटरवर नसेल, तर मावशी "अंगठा लागत नाही" एवढंच ऐकून घरी जातात. ज्यांनी आयुष्यभर हातांनी काम केलं त्यांनाच हे यंत्र नाकारतं, याचा मला राग येतो.

१:००
सर्व्हर डाऊन. डबा.

२:३०
अर्जाखाली संमतीची चौकट. टिक करण्याआधी मराठीत वाचून दाखवतो: कुठली माहिती, कुणाकडे, कशासाठी. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी सूचना मराठीत मिळण्याची तरतूद आहे. माझ्याकडच्या फॉर्मवर ती अजून इंग्रजीतच दिसते.

४:००
एका शेतकऱ्याच्या अर्जात त्रुटी निघाली. शेरा: "कागदपत्रे अपूर्ण". कुठलं कागदपत्र? लिहिलेलं नाही. त्याचा हा दुसरा हेलपाटा. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि अपीलही करता येतं. अर्ज नुसता त्रुटीत परत फिरवला की फेटाळल्याची नोंदच होत नाही. त्याच्या पावतीची तारीख घालून खुलासा मागणारं पत्र टाइप करून दिलं.

६:३०
एक जण शेजारणीच्या रेशनकार्डाची माहिती "जरा बघून द्या" म्हणत आला. ओळखीचाच. दिली नाही. त्यांना घेऊन या म्हटलं. तो रागाने गेला.