लव्हाळा मरतो तो गाठीत

राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या उसाच्या पट्ट्यात खुरपणीवर सर्वांत जास्त मजुरी खातो तो लव्हाळा. आज सरी स्वच्छ केली, की आठवड्यात त्याची टोकदार पाती पुन्हा वर.

कारण जमिनीखाली आहे. वाफसा असताना कुदळीने वीतभर माती अलगद उकरली, की पात्याच्या बुडाशी काळसर गाठ दिसते. तिच्यापासून सुतळीएवढी मुळी निघते, पुढे दुसरी गाठ, मग तिसरी. गाठ फोडली तर आत पांढरा गर आणि नागरमोथ्याचा उग्र वास. साखळी अखंड असते तोवर टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते. नांगराने किंवा रोटाव्हेटरने ती तुटली, की झोपलेल्या गाठीही फुटतात. म्हणजे मशागतीनेच लव्हाळा शेतभर पसरतो.

वरची पाती नुसती जाळणारे औषध इथे कामाचे नाही. ते पानातून गाठीपर्यंत उतरले पाहिजे. उसात त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के वापरतात, एकरी ३६ ग्रॅम. पंधरा लिटरचे दहा पंप धरले तर पंपाला जेमतेम साडेतीन ग्रॅम पडते, म्हणून अंदाजाने चिमूट टाकू नये, मोजूनच घ्यावे. लव्हाळा तीन ते पाच पानांवर असावा, जमिनीत ओल असावी आणि नोझल फ्लॅट फॅनचे असावे. उसात कांदा किंवा हरभऱ्याचे आंतरपीक असेल तर हे औषध हाती घेऊ नये.

पडीक रानात ग्लायफोसेट चालते, पण ते मातीला चिकटून निकामी होते, म्हणून पाणी गढूळ नको. ते फक्त कीडनियंत्रण परवानाधारकांमार्फत वापरावे, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली आहे.

बहुतेक फवारण्या वाया जातात त्या घाईने. फवारणीच्या आधी खुरपले तर औषध घ्यायला पानच उरत नाही. फवारल्यावर लगेच कोळपले तर औषध गाठीत उतरण्याआधीच पाती तुटतात. पाती पिवळी पडायला आठवडा आणि वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस रानाला हात लावू नका. एका फवारणीत रान मोकळे होत नाही, मागे राहिलेल्या गाठी फुटतातच. त्यांना नव्या गाठी धरण्याआधी गाठा. जास्त औषधाने लव्हाळा हटत नाही, वेळ साधल्याने हटतो.