समोर दिसतंय, पण एक्सेलला सापडत नाही!

यादीत नाव आहे. डोळ्यांना लख्ख दिसतंय. तरी ते शोधायला व्हीलुकअप मारला की सेलमध्ये झळकतं #एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही'! एक्सेल चुकत नसतं बरं का. आपण अक्षरं बघतो, ते कोड बघतं. याच फटीत सगळी धमाल दडलीये!

माहीत आहे का, एकाच शीटमध्ये दोन 'पुणे' असू शकतात? बाजूच्या सेलमध्ये अक्षरं मोजणारं लेन फंक्शन लावा. पुण्याचं उत्तर यायला हवं 4: प, उकार, ण, मात्रा. 5 आलं? मग शेवटी कोणीतरी स्पेसबार दाबलाय. ट्रिम लावा, जादा स्पेस गायब!

ट्रिमनेही गेली नाही? मग भेटा कॅरेक्टर 160 ला! वेबपेजवरून डेटा कॉपी केला की ही स्पेस गुपचूप सोबत येते. साध्या स्पेसचा कोड 32, आणि ट्रिमला तेवढाच कळतो. आधी सब्स्टिट्यूटने 160 च्या जागी 32 बसवा, मग ट्रिम चालवा.

आता आकड्यांची गंमत. 101 हा रोल नंबर एका शीटमध्ये आकडा आणि दुसऱ्यात टेक्स्ट असेल, तर दोघांची भेट होणे नाही. ओळखायचं कसं? आकडा सेलच्या उजव्या भिंतीला टेकतो, टेक्स्ट डाव्या. म्हणून एक कळकळीची विनंती: नंबरांचा कॉलम दिसायला छान म्हणून सेंटर करू नका, पुरावाच पुसला जातो! औषध सोपं आहे. कॉलम सिलेक्ट करा, डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा, थेट फिनिश दाबा. टेक्स्टचे आकडे झाले!

16 अंकी कार्ड नंबर टाकलात? एक्सेल 15 अंकच धरून ठेवतं, सोळाव्याचा शून्य करतं. जो नंबर शीटमध्ये उरलाच नाही, तो सापडणार कुठून? आधी कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट करा, मगच टाइप करा.

पहिल्या ओळींना उत्तर बरोबर, खाली खाली नुसती #एन/ए ची रांग? फॉर्म्युला खाली ओढताना तुमचा टेबलही खाली घसरलाय. एफ4 दाबा, डॉलर लावा. हा डॉलर वधारला की सगळ्यांचाच फायदा!

पण सगळ्यात डेंजरस चूक #एन/ए देतच नाही. ती चुकीचं उत्तर देते, तेही ऐटीत! व्हीलुकअपच्या फॉर्म्युल्यातला चौथा रकाना लिहिलाच नाही, तर एक्सेल 'अंदाजे जुळणारं' शोधतं. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं ते धरून चालतं आणि दर पावलाला अर्धी यादी बाद करतं. वेग अफाट! एक्सेलच्या शीटमध्ये 10,48,576 ओळी असतात, म्हणजे बरोबर 2 चा 20 वा घात. इतक्या ओळी विसेक पावलांत संपतात. मात्र यादी विस्कळीत असेल, तर नेमकी हवी ती अर्धी बाद होते आणि भलत्याच माणसाचा पगार तुमच्या नावासमोर बसतो. चौथ्या रकान्यात फॉल्स लिहा. दरवेळी लिहा!

ओळींवरून आठवलं. जुन्या एक्सएलएस फाइलची मर्यादा होती फक्त 65,536 ओळी. 2020 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या कोविड नोंदी तिथे आपटल्या आणि 15,841 रुग्ण वेळेवर आकडेवारीत आलेच नाहीत.

आणि जीन्सचं, म्हणजे जनुकांचं, काय झालं, माहीत आहे का? 'मार्च1' या जीनचं नाव टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करायचं. शेवटी 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी जीनचंच नाव बदलून 'मार्चएफ1' केलं! एक्सेल तेव्हा जिथल्या तिथेच होतं.

आता परत व्हीलुकअपकडे. त्यात * म्हणजे 'काहीही' आणि ? म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. खरोखरचा * शोधायचा असेल तर त्याच्या आधी ~ लावा. शोधायचा मजकूर 255 अक्षरांपुढे गेला की व्हीलुकअप हात टेकतो.

व्हीलुकअप 1985 च्या पहिल्या, मॅकिंटॉशवरच्या एक्सेलपासून आहे. त्याचा धाकटा भाऊ एक्सलुकअप आला थेट 2019 मध्ये. हा डावीकडेही बघतो आणि काही न सांगता तंतोतंत जुळणारंच शोधतो. तुमच्याकडे असेल तर बिनधास्त वापरा.

आता खास मराठी मसाला! जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली यादी पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत भलतेच कोड असतात. युनिकोडमध्ये टाइप केलेलं नाव तिथे जन्मात सापडणार नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढा.

आणि युनिकोडमध्येही एक चकवा आहेच. वकिलांच्या यादीतला 'ॲड.' आणि 'अॅड.' नीट बघा. फरक दिसला? पहिल्यातला ॲ हे एकच अक्षर, कोड 2418. दुसऱ्यात अ, 2309, आणि वर चंद्र, 2373. युनिकोड फंक्शन लावलं की लगेच उघडं पडतं. कंट्रोल+एच दाबा, वरच्या चौकटीत दोन तुकड्यांचा, खालच्या चौकटीत एकसंध, रिप्लेस ऑल. दोन्ही शीटमध्ये करा हं, नाहीतर अर्धे वकील गैरहजरच!