मोगऱ्याचा वास : बांधावरचा आणि बाटलीतला

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. त्याच डोंगराळ जमिनीत आता ठिबकवर मोगरा फुलतो. आदिवासी शेतकऱ्याला ऐन उन्हाळ्यात, भाताचा पैसा संपलेला असताना, रोख रक्कम देणारं हे पीक. हा मोगरा अत्तराच्या कारखान्यात जात असेल, असं शहरातल्या अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो जातो दादरच्या फूलबाजारात, गजऱ्यांसाठी.

तोड भल्या सकाळी. पांढरीफेक, टपोरी, पण तोंड मिटलेली कळी देठाशी नखाने खुडायची. हिरवट कळी दुसऱ्या दिवसासाठी राखायची. उमललेल्या फुलाला बाजारात भाव नाही. इथेच दुसरा गैरसमज उघडा पडतो. फूल तोडलं की वास उतरणीला लागतो, हे मोगऱ्याला लागू नाही. मिटल्या कळीला वास जवळजवळ नसतो. तो संध्याकाळनंतर कळी उमलताना तयार होतो, मग ती झाडावर असो वा टोपलीत. चीनमध्ये मोगऱ्याचा चहा करतात तोही याच हिशेबाने : कळ्या दिवसा तोडायच्या आणि रात्री उमलताना चहाच्या पानांत मिसळायच्या.

मग बाटलीवर ‘मोगरा’ लिहिलेलं असतं ते काय? बहुतेक वेळा प्रयोगशाळेत जुळवलेलं मिश्रण. खरा अर्क काढायचा तर हजार किलो कळ्यांमागे मेणासारखा ‘काँक्रीट’ जेमतेम दीड किलो मिळतो, आणि तो अल्कोहोलने शुद्ध केल्यावर हाती येणारा ‘अ‍ॅब्सोल्यूट’ त्याहून बराच कमी. स्वस्त बाटलीत तो परवडणार कसा? म्हणून कृत्रिम म्हणजे फसवणूक, असंही नाही. लिली ऑफ द व्हॅलीच्या फुलाचा अर्क व्यापारी प्रमाणावर निघतच नाही. त्या नावाचं प्रत्येक सेंट रचलेलंच असतं.

‘पांढऱ्या फुलांचा वास सौम्य’ हा समज सर्वांत चिवट. मोगरा, चमेली, निशिगंध यांच्या वासात इंडोल नावाचं रसायन असतं. तेच विष्ठेतही सापडतं. नुसतं हुंगलं तर डांबरगोळ्या आठवतात. अगदी थोडं असलं की फुलाला भरीवपणा येतो. मोगऱ्याची ती धुंदी, जी काहींना डोकेदुखी वाटते, त्यात त्याचा वाटा असतो. ‘सॉफ्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सेंटमध्ये इंडोल कमी करून हेडिओनसारखं हलकं, हवेशीर चमेलीचं रसायन आणि पांढरी कस्तुरी म्हणजे व्हाइट मस्क घालतात. माझ्या मते बऱ्याचदा त्यातून फूल निघून जातं आणि धुतलेल्या कपड्यांचा वास उरतो. हेडिओन गाजलं ते 1966 च्या ‘ओ सोव्हाज’मुळे, म्हणजे पुरुषांच्या सेंटमुळे. त्यामुळे ‘पांढरी फुलं बायकांची’ हेही तितकंसं खरं नाही.

‘तासाभरात उडून गेलं’ ही नेहमीची तक्रार. काही वेळा ती खरी असते : मोगऱ्यातले बेंझिल अ‍ॅसिटेट आणि लिनालूल हे घटक लवकर उडतात, उन्हाळ्यात तर आणखी लवकर. पण पुष्कळदा सेंट जागेवर असतं, थकलेलं असतं आपलं नाक. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं ते सोडून देतं. त्यातून मस्कच्या काही प्रकारांचा वास काही लोकांना मुळातच येत नाही. सेंटचा जोर पुन्हा पुन्हा वाढवण्याआधी शेजारच्याला विचारावं. वैतागलेला तोच असतो. मनगटावर मनगट घासल्याने वासाचे रेणू ‘फुटत’ नाहीत, फक्त ऊब मिळून वरचा हलका वास लवकर निघून जातो. कोरड्या कातडीवर आधी बिनवासाचं तेल चोळलं तर टिकण्यात फरक पडतो. कपड्यावर वास जास्त टिकतो, पण पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडू शकतो.

टिकाऊपणाच हवा असेल तर कनौजच्या पद्धतीचं अत्तर पाहावं. तिथे तांब्याच्या डेगेत फुलं उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, आणि चंदन सावकाश उडतं. मात्र चंदन महागल्यापासून त्याच्या जागी पॅराफिनही वापरलं जातं, तेव्हा विकत घेताना आधार कशाचा आहे ते विचारून घ्यावं.