ॲब्सेन्स अपस्मार : प्रयोगशाळेतल्या उंदरांपासून गडचिरोलीच्या दवाखान्यापर्यंत

ॲब्सेन्स अपस्मार हा लहान मुलांना होणारा, अंग न आखडणारा फिटचा प्रकार आहे. धडा वाचता वाचता मूल मध्येच थांबते, नजर एका जागी खिळते, पापण्या किंचित फडफडतात, हाक मारली तरी ओ येत नाही. दहा-वीस सेकंदांत ते भानावर येते आणि काही घडलेच नाही अशा रीतीने वाचू लागते. मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. उपचार नसतील तर असे झटके दिवसातून कित्येकदा येतात. आजाराची सुरुवात बहुधा 4 ते 10 या वयात होते आणि अनेक मुलांमध्ये तो वयात येताना थांबतो. त्याचे मूळ मुख्यतः आनुवंशिक असते. मेंदूच्या स्कॅनमध्ये दोष दिसत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मिरगी म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर हातपाय झाडणारा रुग्ण येतो. त्याला कारणेही तशीच आहेत. जन्मताच न रडलेले, गुदमरलेले बाळ आणि मेंदूपर्यंत पोचलेला फाल्सीपॅरम मलेरिया या दोहोंतून पुढे झटके उद्भवू शकतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेच्या घरोघरी नवजात बालसेवेत गुदमरलेल्या बाळावरील उपचाराला महत्त्वाचे स्थान होते. याच संस्थेने 86 गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा 14.3 टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. लुळे पडलेले अंग घरच्यांच्या लक्षात राहते, म्हणून मृत्यूनंतर विचारपूस करूनही असा आजार मोजता येतो. ॲब्सेन्स अशी खूण मागे ठेवत नाही. मूल ‘ध्यान देत नाही’ एवढीच तक्रार होते.

ॲब्सेन्सच्या झटक्याला पहिली ठोस ओळख मिळाली ती मेंदूच्या विद्युत आलेखामुळे, म्हणजे ईईजीमुळे. 1935 मध्ये अमेरिकेत गिब्स, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवले की झटक्याच्या वेळी ईईजीवर एक टोकदार आणि एक पसरट लाट अशी जोडी सेकंदाला सुमारे तीनदा उमटते, तीही मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदमच. ही लय सुरू कुठून होते, हे मुलांच्या डोक्यावर तारा चिकटवून कळणे कठीण होते. म्हणून संशोधक प्राण्यांकडे वळले.

1940 च्या दशकात मॉन्ट्रिआलमध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी मांजरांच्या थॅलॅमसला सेकंदाला तीनदा विद्युत धक्का देऊन तशाच लाटा निर्माण केल्या. थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या मध्यभागातील, संवेदना मेंदूच्या बाहेरच्या थराकडे म्हणजे बाह्यपटलाकडे पाठवणारे केंद्र. झटक्याचे मूळ तिथेच असावे, असे मत यातून बळावले. 1969 मध्ये मांजरांना पेनिसिलिनची मोठी मात्रा टोचून असेच झटके आणण्यात आले. त्या प्रयोगांवरून पिएर ग्लूर यांनी निराळी मांडणी केली : थॅलॅमसची झोपेतली नेहमीची लय अतिउत्तेजित बाह्यपटलावर पोचली की तिचेच रूपांतर झटक्यात होते.

पुढची मोठी मजल पांढऱ्या उंदरांनी गाठून दिली. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे मार्गरीट व्हेर्न आणि ख्रिस्तियाँ मारेस्को यांच्या गटाला 1980 च्या दशकाच्या आरंभी विस्टार जातीच्या काही उंदरांत आपोआप येणारे झटके आढळले. अशा उंदरांची निवडून पैदास केल्यावर जो वंश तयार झाला, त्यातल्या प्रत्येक उंदरात हा दोष उतरला. त्याचे नाव गेअर्स. 1986 मध्ये नेदरलँड्समधील नायमेखन येथे व्हॅन लॉयटेलार आणि कूनेन यांनी वॅग-राय या दुसऱ्या वंशाची नोंद केली. अशा प्रयोगांत उंदराच्या कवटीला बारीक तारा बसवून दंतवैद्यकातल्या सिमेंटने पक्क्या करतात. जागा पण शांत बसलेला उंदीर अचानक निश्चल होतो, फक्त मिशा थरथरतात. त्याच क्षणी पडद्यावर लाटांची जोडी उसळते.

2002 मध्ये वॅग-राय उंदरांवरील अभ्यासाने मूळ स्थानाच्या वादाला वळण दिले. झटक्याचा पहिला अर्धा सेकंद पुढाकार बाह्यपटलातील, तोंडाभोवतीच्या संवेदना घेणाऱ्या भागाचा असतो. त्यानंतर थॅलॅमस आणि बाह्यपटल एकमेकांना चालवत राहतात. थॅलॅमसच्या पेशींना ही लय धरता येते ती टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्यांमुळे. इथोसक्सिमाइड हे औषध याच वाहिन्यांवर काम करते, हे 1989 मध्ये दिसून आले. टॉटरिंग आणि स्टारगेझर या लहान जातीच्या उंदरांच्या (माऊस) वंशांतही कॅल्शियम वाहिन्यांशी निगडित जनुके बिघडलेली सापडली.

औषधांच्या बाबतीत उंदीर आणि मूल यांचे चांगलेच जुळते. इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट दोघांचेही झटके थांबवतात, तर कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ते वाढवू शकतात. अमेरिकेत 453 मुलांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इथोसक्सिमाइड 53 टक्के, व्हॅल्प्रोएट 58 टक्के आणि लॅमोट्रिजिन 29 टक्के मुलांत यशस्वी ठरले. एकाग्रतेवर इथोसक्सिमाइडचा दुष्परिणाम व्हॅल्प्रोएटपेक्षा कमी होता. वॅग-राय पिल्लांना झटके सुरू होण्याआधीच इथोसक्सिमाइड दिल्यास औषध बंद केल्यावरही झटके कमी राहतात, हे 2008 मध्ये आढळले. मुलांमध्ये मात्र हे सिद्ध झालेले नाही.

तुलनेला मर्यादाही आहेत. उंदरांच्या लाटा सेकंदाला सात ते अकरा असतात. त्यांचे झटके वयाबरोबर वाढत जातात, मुलांचे बहुधा ओसरतात. त्यामुळे आजार आपोआप का थांबतो, या प्रश्नाला हे उंदीर उत्तर देत नाहीत.

जंगलपट्ट्यातील दवाखान्यासाठी या संशोधनाचा सर्वांत मोठा उपयोग औषधाच्या निवडीत आहे. ‘फिट आहे’ म्हणून सरसकट फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन सुरू केले, तर या मुलाचा त्रास वाढू शकतो. इथोसक्सिमाइड नसेल तिथे व्हॅल्प्रोएट हा पर्याय राहतो. पण गर्भातील बाळाला त्यापासून धोका असल्याने वयात येणाऱ्या मुलींसाठी ते जपून द्यावे लागते.

निदानाला सुरुवात यंत्राविनाही होऊ शकते. डॉक्टर मुलाला खुर्चीत बसवून तीन मिनिटे खोल आणि जलद श्वास घ्यायला लावतात. लहान मुलाच्या हाती कागदी भिंगरी देऊन ती फुंकत ठेवायला सांगतात. उपचार न झालेल्या बहुतेक मुलांत याने डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत झटका येतो. मात्र चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि जलद श्वासाने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. सिकलसेलच्या रुग्णात त्यातून पक्षाघाताची भीती असते, म्हणून ही चाचणी टाळतात. शाळेतील रक्ततपासणीचा कागद आधी पाहणे त्यासाठी आवश्यक ठरते.

निदान झाल्यावर झटके पूर्ण थांबेपर्यंत मुलाला नदी-तळ्यात एकटे पोहू न देणे, झाडावर चढू न देणे आणि रहदारीत सायकल चालवू न देणे ही खबरदारी घ्यावी लागते. सुमारे दोन वर्षे झटका आला नाही, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध हळूहळू कमी करून बंद करता येते.