जुन्या मोटारसायकलचा फोर्क

खनिजाच्या ट्रकांनी आमोणे-डिचोली भागातील रस्त्यांची काय दशा केली, हे वाचकांना सांगायला नको. अशा रस्त्यावर जुनी बुलेट घातली की मनगटे भरून येतात, आणि मिस्त्री सांगतो, ‘फोर्कात जाड तेल घाला.’ सल्ला अर्धाच खरा आहे.

फोर्कातील स्प्रिंग धक्का झेलते. तेल तिची उसळी आवरते. तेलाचा असा फोर्क १९३५ साली बी.एम.डब्ल्यू.ने आर-१२ या गाडीला बसवला. जुन्या पद्धतीत तेल ठराविक भोकांतून जाते. फोर्क दबण्याचा वेग दुप्पट झाला की तेलाचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणून ब्रेक लावताना गाडी नाक खुपसते, आणि खड्ड्यात तोच फोर्क पहारीसारखा ताठ होतो. जाड तेलाने पहिली तक्रार कमी होते, दुसरी वाढते.

खरा उपाय झडपेचा. आतल्या दांड्याची भोके मोठी करून वर स्प्रिंगची झडप बसवतात. अचानक धक्का बसला की ती उघडते. जोडीला स्वाराच्या वजनाला साजेशी स्प्रिंग हवी. स्प्रिंगवर वायसर रचल्याने गाडी उंच होते, स्प्रिंग कडक होत नाही!

त्याआधी नळ्या तपासाव्यात. गंजाचे खड्डे पडलेली नळी नवे सील फाडते. लाल धूळही तेच करते. रबरी भाता स्वस्त पडतो.

नव्या गाडीचा अख्खा फोर्क बसवण्याची हौस मात्र जपून करावी. तो आखूड असला तर हँडलचा कोन बदलतो आणि वेगात गाडी अस्थिर होते.