राजूरच्या माजी सैनिकाला दवाखाना किती लांब?

राजूरचा गणपती साडेतीन पीठांतला. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. भोकरदन तालुक्यातल्या या गावाहून जालना सुमारे 25 किलोमीटर, तिथून छत्रपती संभाजीनगर आणखी साठेक. फौजेतून निवृत्त होऊन इकडे परतलेल्यांना औषधपाण्यासाठी हेच अंतर आयुष्यभर कापावे लागले.

2003 पूर्वी त्यांचा मुख्य आधार लष्करी रुग्णालयाचा. तिथेही आधी सेवेतला जवान, मग जागा उरली तर निवृत्त. छावणी संभाजीनगरला, अवघड दुखण्याला पुण्याचे कमांड हॉस्पिटल, पाय गमावला असेल तर पुण्यातलेच 1944 पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र. साध्या तापाला एवढा प्रवास कोण करणार? पेन्शनीतले पैसे मोजून खासगी डॉक्टर गाठला जाई.

1 एप्रिल 2003 रोजी माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू झाली आणि चित्र पालटले. एकदाच वर्गणी भरायची, कार्ड काढायचे, पुढे पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी-औषधे आणि तिथल्या रेफरलवर योजनेतल्या खासगी रुग्णालयात उपचार. 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना वर्गणी माफ. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की पत्नी आणि अवलंबून असलेले आईवडीलही कार्डात आले. मुलगा सीमेवर असताना शेत सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांचे ऋण सरकारने कागदावर मानले.

आरंभी 227 पॉलिक्लिनिके होती. 2010 मध्ये आणखी 199 मंजूर झाली. पण इमारत झाली म्हणजे औषध मिळाले असे नव्हे. 2015 मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने औषधांचा तुटवडा आणि रुग्णालयांची रखडलेली बिले उघड केली. बिल थकले की रुग्णालयाचा उत्साह ओसरतो, आणि त्याचा फटका खाटेवरच्या माणसाला बसतो. कोविडच्या लाटेत, मे 2021 मध्ये, ‘सेहत’ ही ऑनलाइन ओपीडी आली. घरबसल्या डॉक्टर भेटला, ही मोठी सोय. मात्र रक्तदाब मोबाइलवर मोजता येत नाही, गोळ्याही त्यातून येत नाहीत.

राजूरसारख्या गावात सत्तरी ओलांडलेला माणूस मधुमेहाच्या गोळ्यांसाठी अजूनही एसटीने शहर गाठतो. महिन्यातून एकदा फिरते पथक इथे यावे, तपासणी करून औषधे देऊन जावे. जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने ही मागणी पुढे न्यावी, आणि ग्रामपंचायतीने पथकासाठी एक खोली आताच राखून ठेवावी.